दगडावरची आरती

गौरांगी जेवली का, तिच्या एटोबिकोच्या बेसमेंटमधला हीटर नीट चालतो का, गाडीला विंटर टायर घातले का, या काळज्या अरुणाला एकेक करून बाजूला सारता यायच्या. एक मात्र हलायची नाही. डिशवॉशर लावताना, ग्रोसरीच्या रांगेत, गो ट्रेनच्या स्टेशनवर नवऱ्याची वाट बघत गाडीत बसलेली असताना ती हळूच येऊन शेजारी बसायची. ही मुलगी माणसांत येते, पण माणसांत नसते. कोणाच्या बोलण्यात बोलत नाही, कोणाच्या हसण्यात हसत नाही, नुसती बघत राहते. आम्ही दोघं आहोत तोवर ठीक, पुढे हिचं कोण?

लग्नाचा विषय अरुणाने केव्हाच सोडून दिला होता. लग्न होऊन एकटी राहिलेली माणसं तिने आपल्या गावात, मिल्टनमध्येच पुष्कळ पाहिली होती. तिचं मागणं साधं होतं. गौरांगी आजारी पडली तर खिचडीचा डबा घेऊन कोणीतरी तिचं दार वाजवावं, आणि ते कोणीतरी मिल्टनहून हायवेने धावत आलेली तिची आई नसावी.

मुलगी लहानपणापासूनच अशी. तेव्हा ते ब्रॅम्पटनच्या अपार्टमेंटमध्ये राहत, आणि ओळखीच्यांच्या घरी शनिवारचं जमणं असायचं. बायका किचनमध्ये, पुरुष टीव्हीसमोर, मुलं बेसमेंटमध्ये आणि गौरांगी जिन्यात. तिथून तिला वरचंही दिसायचं आणि खालचंही. परतताना गाडीच्या मागच्या सीटवरून ती अचानक म्हणायची, "आई, पद्मजामावशी एकाच बाजूने का हसते? इज द अदर साइड ब्रोकन?" नंदकुमार स्टिअरिंगवर इतका हसायचा, की अरुणाला त्याला दटावावं लागे. "अहो, पुढे बघा! आणि तू गं, असं बोलू नये." मुलीने ते इतकं मनावर घेतलं की ती बोलायचीच थांबली.

इंजिनिअरिंगला गेली, दुसऱ्या वर्षी सोडून आली. मग चित्रकला शिकायला माँट्रियल. आता ती एटोबिकोतल्या एका मॉलमध्ये चष्म्याच्या दुकानात काम करायची. कोणाचा एक कान वर आहे, कोणाचं नाक मध्येच वळलंय, कोणाला चष्मा नको असतो पण फ्रेम हवी असते, हे सगळं तिला गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत कळायचं. संध्याकाळी आणि शनिवारी ती रेल्वेलाइनजवळच्या एका जुन्या कारखान्यात जायची. तिथे सात-आठ चित्रकारांनी मिळून एक छापखाना चालवला होता. तिथे दगडावर चित्रं काढून छापत.

हे दगडाचं वेड तिला माँट्रियलमध्ये लागलं. अरुणा एकदा तिच्याकडे राहायला गेली होती, तेव्हा गौरांगी तिला एका लायब्ररीत घेऊन गेली. तिथल्या बाईंनी जुन्या फ्रेंच साप्ताहिकांचे जाडजूड बांधीव खंड फोमच्या उशीवर ठेवले आणि पानं कशी उलटायची ते दाखवलं. अरुणाला वाटलं, राण्या असतील, घोडे असतील, लढाया असतील. निघाली ती दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधली खाऊनपिऊन सुखी माणसं. रविवारी फिरायला निघालेलं कुटुंब, आणि बाप झोपलेलं पोर, छत्री, बायकोची टोपी असं सगळं ओझं उचलून घाम पुसतोय. भाडेकरू दार बोटभर उघडून शेजाऱ्याकडे कोण आलंय ते बघतोय. एका चित्रात पाहुणा निरोप घेऊन दारात उभा, डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि तोंड चालूच. यजमान नवरा-बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू लाकडासारखं झालेलं, मागे दिव्यातलं तेल संपत आलेलं.

"अगं बाई!" अरुणा एवढ्या मोठ्याने हसली की लायब्ररीतल्या बाईंनी वर पाहिलं. "हे तर आपल्याकडचं! आपल्याकडे नाही का, बूट घालून झाल्यावर खरी गप्पांना सुरुवात होते?"

"एक्झॅक्टली!" गौरांगीचे डोळे लकाकले होते. "आई, आधी हे लोक राजाची टिंगल करणारी चित्रं काढायचे. मग सरकारने बंदी आणली. सो दे टर्न्ड टू द नेबर्स."

"म्हणजे राजा सुटला आणि शेजारी सापडले."

"हो! आणि शेजारीच ते पेपर विकत घ्यायचे. स्वतःलाच बघायला."

त्या दिवशी मायलेकी खूप वेळ एकमेकींना खुणा करत हसत होत्या. एवढं पुरे होतं का? अरुणाला तेव्हा वाटलं होतं, पुरे आहे. मिल्टनला परतल्यावर काळजी पुन्हा शेजारी येऊन बसली.

मिल्टनच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसायचा, बास्केटबॉलच्या जाळीखाली. मंडळाचं सांस्कृतिक खातं पद्मजाताईंकडे होतं. पद्मजाताई म्हणजे या गावात मराठी माणूस यायला लागला तेव्हापासून सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणारी बाई. कोणाकडे बाळंतपण असो, कोणाचे आईवडील विमानतळावर अडकलेले असोत, पहिला फोन त्यांना जायचा. त्यांनी यंदा सजावटीशेजारी 'आमची मुलं, आमची कला' असं एक टेबल ठेवायचं ठरवलं.

"अरुणा, तुझी गौरांगी चित्रं काढते ना? आण की. वारली-बिरली असेल काहीतरी."

अरुणाला हे देवानेच पाठवल्यासारखं वाटलं. मुलगी माणसांत येईल, चार जण तिच्याशी बोलतील, कौतुक करतील. तिने त्याच संध्याकाळी फोन केला.

"आई, आर यू शुअर?" गौरांगी म्हणाली. "माझी चित्रं तशी नसतात."

"असू देत. आपलीच तर माणसं आहेत."

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

"काही प्रॉब्लेम नाही. तू आण."

आणि गौरांगीने खरंच आणली. काळी-पांढरी, चांगली मोठी छापील चित्रं तिने टेबलामागच्या फळीवर लावली. एकात दोन शेजारी बर्फ शोव्हल करतायत, आणि दोघंही आपापल्या ड्राइव्हवेची हद्द जिथे संपते तिथे फावडं असं थांबवतायत, जणू पलीकडचा बर्फ दुसऱ्या देशाचा आहे. एकात बेसमेंटमधली ट्रेडमिल, तिच्यावर वाळत घातलेल्या कुरडया आणि मोजे. एकात पॉटलकचं, घरोघरून आणलेल्या पदार्थांचं टेबल, आणि प्रत्येक बाई दुसरीच्या भांड्याचं झाकण किंचित वर करून बघतेय की कोणाचं किती संपलं. लोक जमले, हसले. "हा तर अगदी तुझा बेसमेंट!" "माझा कसला, तुझाच!" अरुणा लांबून बघत होती आणि तिच्या छातीत काहीतरी हलकं होत होतं. गौरांगी दोन तरुण बायकांशी चक्क बोलत होती.

मग सगळे सरकत सरकत सगळ्यात मोठ्या चित्रापाशी आले. मागच्या वर्षीची आरती. आरती संपून तीर्थप्रसादाची रांग लागलीय. पळीने तीर्थ देणाऱ्या पद्मजाताई, पण त्यांची नजर समोरच्या माणसावर नाही, रांगेत मध्ये घुसलेल्या कोणावर तरी रोखलेली, आणि दुहेरी हनुवटी त्या रागाने ताठ. हात जोडून उभा असलेला नंदकुमार, एक डोळा देवावर, दुसरा मोदकांच्या ट्रेवर. घडीच्या खुर्चीत चारुदत्तकाका, उघड्या तोंडाने गाढ झोपलेले, मुठीत अजून वाहायचं राहिलेलं फूल. आणि कडेला, टेबलामागे, दह्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यांत प्रसाद दाबून भरणारी एक बाई. मान खांद्यांत गेलेली, पाठ वाकलेली, डोळे दाराकडे.

इतरांच्या चित्रांवर हसणारे सगळे इथे येऊन गप्प झाले. कारण इथे इतर कोणी नव्हतंच.

मग अवंतिका, मंडळाची खजिनदार, म्हणाली, "गणपतीची सोंड बघितलीत का?"

सगळ्यांनी बघितली. जिममधल्या मूर्तीची सोंड नेहमीसारखी डावीकडे वळलेली होती. चित्रातली उजवीकडे.

"अगं बाई, उजव्या सोंडेचा!"

"उजव्या सोंडेचा फार कडक. त्याचं सोवळं वेगळं असतं."

"आणि तीर्थ? बघा, पद्मजाताई डाव्या हाताने देतायत!"

"घेणारे पण डावाच हात पुढे करतायत. सगळेच!"

"पदर उजव्या खांद्यावर! आपल्यात कोण घेतं असा पदर?"

एकदा बोलायला विषय मिळाल्यावर जिममध्ये जीव आला. पद्मजाताई अरुणाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, माझं मला काही नाही. मला कसंही काढ म्हणावं. पण देवाच्या बाबतीत थट्टा नको गं. उजव्या सोंडेचं आपल्याला झेपणार आहे का? डोक्यावर बास्केटबॉलची जाळी आहे!" बोलताना त्यांचा हात स्वतःच्या हनुवटीखाली गेला आणि तिथेच राहिला.

"ताई, मुद्दाम नाही हो केलं तिनं. इथे वाढलेली मुलं, त्यांना काय कळतंय उजवं-डावं."

"तेच म्हणते मी. मग दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर येऊ दे, दोन शब्द सॉरी म्हणू दे, विषय संपला. नाहीतर लोक वर्षभर चघळत बसतील, तुला माहितीय ना."

"म्हणेल ना. नक्की म्हणेल," अरुणा म्हणून गेली. गौरांगी तेव्हा फळीवरून चित्रं उतरवत होती. कोणी सांगितलं नव्हतं, तरी.

घरी आल्यावर किचनच्या टेबलाशी बसून अरुणाने ते सांगितलं. शक्य तितक्या सहज आवाजात, जणू येताना दूध आणायचं राहिलं हे सांगावं तसं.

गौरांगीने हातातला चमचा खाली ठेवला. "तू माझ्या वतीने हो म्हणालीस?"

"अगं, दोन शब्द तर आहेत."

"आई, दगडावर काढलेलं कागदावर उलटं येतं. आरशासारखं. ऑलवेज. चित्रात अक्षरं असली तर मी ती उलटी लिहिते. पण माणसं जशी दिसली तशी काढली. त्या जुन्या फ्रेंच चित्रांत पण शिपायाची तलवार भलत्याच कमरेला आलेली असते, कोणी बघत नाही. सोंड कोणत्या बाजूला वळली हे कोणी बघेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पण आपल्यात बघतात ना, गौरांगी!"

"हो, पाहिलं मी. त्यांनी सोंड बघितली, हात बघितले, पदर बघितला. बाकी काहीच नाही बघितलं." ती थोडं थांबली. मग आईकडे बघून म्हणाली, "तुला कसं वाटलं?"

अरुणाच्या डोळ्यांसमोर ती वाकलेली बाई आली. ते दह्याचे डबे. ती खांद्यांत गेलेली मान. जिममध्ये पाहिल्यापासून तिला काहीतरी टोचत होतं, पण ते काय हे तिला सांगता येत नव्हतं, की सांगायचं नव्हतं.

"छान आहे. हात तेवढे सरळ हवे होते."

गौरांगी उठली. ताट सिंकमध्ये ठेवलं, विसळलंही. "ओके. शनिवारी तो दगड घासून टाकते. तसाही दुसऱ्याला वापरायला हवाच आहे. यापुढे झाडं काढीन. झाडांना हात नसतात."

"आणि दिवाळीला?"

"दिवाळीला मी नाही येत, आई."

ती गेल्यावर नंदकुमारने टेबल पुसलं. मग फ्रीजमधून उरलेला मोदक काढून म्हणाला, "एक सांगू? माझा डोळा खरंच मोदकांवर होता."

"तुम्हाला सगळ्यात गंमत सुचते."

"गंमत नाही. तिला ते इतक्या लांबून दिसलं, हे म्हणतोय मी."

अरुणाच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. आपण तिला माणसांत आणायला गेलो, आणि होती तिथूनही घालवली.

आठवड्याच्या मध्यात चारुदत्तकाकांचा फोन आला. काका म्हणजे इथल्या जुन्या पिढीतले, निवृत्त डॉक्टर, सगळ्यांनाच वडिलकीच्या नात्याचे. बायको गेल्यापासून मिल्टनमध्ये मुलाशेजारी राहत होते.

"अरुणा, ते चित्र विकायला आहे का गं?"

"कोणतं, काका?"

"ज्यात मी घोरतोय ते."

अरुणा ओशाळली. "काका, पोरीचं मनावर घेऊ नका. तिला तसं म्हणायचं नव्हतं."

"कसं म्हणायचं नव्हतं? मी घोरतच होतो! माझ्या मुठीत फूल होतं, ते वाहायचं राहून गेलं होतं, हे मला घरी आल्यावर कोटाच्या खिशात सापडलं तेव्हा कळलं. हिला तिथेच दिसलं." ते खोकले, मग हसले. "अगं, या देशात आल्यापासून मला इतकं नीट फक्त डोळ्यांच्या डॉक्टरने पाहिलंय. मला ते चित्र हॉलमध्ये लावायचंय."

"पण काका, उजवी सोंड..."

"सोंड राहू दे गं. लोकांना सोंडेचं दुखत नाहीये." आणि लगेच, विषय संपल्यासारखं, "तू ते डबे माझ्यासाठीही भरून ठेवत जा की कधीतरी. चित्रात बघून भूक लागली."

फोन ठेवल्यावर अरुणा खुर्चीत बसून राहिली. लोकांना सोंडेचं दुखत नाहीये. मग कशाचं? तिला पद्मजाताईंचा हनुवटीखाली गेलेला हात आठवला, आणि स्वतःचं 'हात तेवढे सरळ हवे होते' हे वाक्यही.

शनिवारी सकाळी तिने नंदकुमारला सांगितलं की ती एकटीच एटोबिकोला जाऊन येते. या खेपेला नेहमीचे खाण्याचे डबे घेतले नाहीत. गाडी सुरू करून परत घरात गेली, आणि एकच डबा घेतला. त्याहून कमी तिला जमलं नाही.

छापखान्याचं दार उघडंच होतं. आत शाईचा आणि ओल्या दगडाचा वास. भिंतीशी रॅकवर जाडजूड लाद्या उभ्या, पुस्तकं लावावीत तशा. एप्रन घातलेला एक दाढीवाला माणूस हात पुसत पुढे आला, तिच्याकडे बघितलं आणि एकदम खुलला.

"ओह! यू आर द लेडी विथ द यॉगर्ट टब्ज!"

अरुणाला आधी कळेना. मग त्याने आत ओरडून सांगितलं, "गौरांगी, युअर मॉम इज हिअर!" आणि कोपऱ्यात कागद कापणाऱ्या दोघी बायका वर बघून हसल्या, ओळखीचं माणूस आल्यावर हसतात तसं. एकीने विचारलं, डब्यात काय आहे. दुसरी म्हणाली, मागच्या हिवाळ्यात गौरांगी फ्लूने पडली होती तेव्हा मी तिला डाळीचं सूप नेऊन दिलं होतं, पण ते तुमच्यासारखं झालं नव्हतं असं तुमच्या मुलीने तोंडावर सांगितलं.

"तू आजारी होतीस?" अरुणाने गौरांगीला मराठीत विचारलं.

"तू एवढ्या बर्फात हायवेने आली असतीस म्हणून नाही सांगितलं."

अरुणाला रागवायचं होतं. पण त्या बाईच्या सुपाच्या गोष्टीने तिचे डोळे भरले होते आणि रागाला जागा राहिली नव्हती.

गौरांगी प्रेसपाशी उभी होती. समोर लादीवर आरती. शेजारी घासायची तयारी, वाळूसारखी भुकटी आणि एक जड चकती.

"आत्ताच सुरू करणार होते," ती म्हणाली. "त्याआधी शेवटच्या दोन प्रती काढीन म्हटलं. पण दोन माणसं लागतात. एकाने स्पंज फिरवायचा, एकाने शाई. दगड कोरडा पडला की सगळं काळं होतं."

"दे स्पंज."

"आई, तुझा ड्रेस."

"दे म्हटलं ना."

अरुणाने पिळलेला स्पंज दगडावरून फिरवला. पाणी पसरलं, पण खडूच्या तेलकट रेघांवर ठरेना. तिथून ते सरकून बाजूला व्हायचं, आणि गौरांगी लगेच शाईचा जाड रूळ फिरवायची. पाण्याने सोडलेल्या जागी शाई बसायची. पुन्हा स्पंज, पुन्हा रूळ. हळूहळू माणसं गडद होत गेली. पद्मजाताई, नंदकुमार, काका. अरुणा खाली वाकून बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं की इथे सगळं सरळ आहे. सोंड डावीकडे. तीर्थाला पुढे केलेले हात उजवे. पदर जिथे हवा तिथे.

"इथे तर बरोबर आहे गं सगळं."

"तेच सांगत होते. मी बघितलं ते हे. स्पंज, आई, स्पंज! वाळतोय."

अरुणाने घाईने स्पंज मारला. तिचा हात टेबलामागच्या त्या वाकलेल्या बाईवर आला आणि थांबला. इतक्या जवळून तिला दिसलं की त्या बाईची करंगळी डब्याच्या झाकणाखाली आहे, झाकण नीट बसलं की नाही ते चाचपते आहे. आपण असं करतो? करतो. नेहमी करतो, गाडीत आमटी सांडू नये म्हणून. हे आपल्यालाही माहीत नव्हतं.

"मी खरंच एवढी वाकते?"

"डबे भरताना, हो. मी तुला किती वेळा काढलंय माहितीय? सगळ्यात जास्त वेळा. पद्मजामावशी एका बैठकीत जमली. तू जमतच नव्हतीस." गौरांगी रूळ फिरवत होती, वर बघत नव्हती. "तुला ते आवडलं नव्हतं ना? मग तसं सांगायचंस. हातांचं काय घेऊन बसलीस."

स्पंजमधून पाणी टपटपलं. अरुणा म्हणाली, "मला माझी पाठ नाही आवडली."

"ओके."

"म्हातारी दिसते मी. आणि सारखी दाराकडे बघणारी. तीर्थप्रसाद चाललाय आणि हिचं लक्ष दाराकडे. वाटलं, माझी लेक मला अशी हसते."

"आई!" आता गौरांगीने वर बघितलं. "दारातून कोण येणार होतं तेव्हा?"

अरुणाला आठवलं. मागच्या वर्षी गौरांगी दुकानातून सुटून उशिरा आली होती. आरती चुकली, प्रसाद संपेल म्हणून अरुणाने डबे आधी भरायला घेतले होते.

"तू," ती म्हणाली.

"मी दारात उभी होते. पाच-दहा मिनिटं तरी. तुला मी दिसत नव्हते, मधे माणसं होती. ते चित्र मी दारातून बघितलंय."

अरुणा पुन्हा त्या वाकलेल्या बाईकडे बघायला लागली. मग गौरांगी किंचाळली, "स्पंज!" आणि अरुणाने इतक्या जोरात पाणी मारलं की दोघींच्या अंगावर उडालं, आणि दोघी हसायला लागल्या. माँट्रियलच्या लायब्ररीत हसल्या होत्या तशा, फक्त इथे गप्प करायला कोणी नव्हतं. दाढीवालाही कारण न कळता हसला.

कागद ठेवला, लादी प्रेसखालून सरकवली, कागदाचं टोक धरून उचललं. पुन्हा उजवी सोंड, पुन्हा डावे हात. अरुणाला आता त्यात काही खटकेना. उलट एक विचार मनात आला आणि तो तिला सोडेना. ही मुलगी माणसांत नसते असं आपण म्हणत होतो. त्या जिममधल्या कोणाला दुसऱ्याच्या मुठीतलं फूल दिसलं होतं? सगळ्यांत जास्त माणसांत कोणी असेल तर ही.

आणि दुसरा विचार त्याच्या मागोमाग. मला माझी पाठ टोचली, तशी पद्मजाताईंना त्यांची हनुवटी टोचली असणार. ते म्हणता येत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून गणपतीच्या सोंडेमागे लपायचं ठरवलं. आणि त्याची भरपाई म्हणून मी माझी लेक स्टेजवर उभी करायला निघाले.

"सोंडेचं मला दुरुस्त करता येईल," गौरांगी म्हणाली. "दुसऱ्या दगडावर सगळं उलटं काढायचं, म्हणजे कागदावर सरळ येईल. आता मला माहीत झालं की आपल्यात बघतात. ते खरंच माझं चुकलं, ते मी करीन. पण चेहरे तेच राहतील, आई. हनुवटी मी कमी करणार नाही."

"करूही नकोस."

"मग? घासू का हा?" तिचा हात भुकटीच्या डब्यावर होता.

"थांब."

अरुणाने हात एप्रनला पुसले. एप्रन तिचा नव्हता, कोणी दिला तेही आठवत नव्हतं. तिने पर्समधून फोन काढला.

"कोणाला करतेस?"

"पद्मजाताईंना."

"आई, त्या चिडतील."

"चिडू देत. तू स्टेजवर सॉरी म्हणणार नाहीस. तुला न विचारता मी हो म्हणाले, ते मी परत घेते. हवं तर त्याचं सॉरी मी म्हणेन, तेही स्टेजवर नाही." ती खिडकीकडे निघाली, तिथे रेंज चांगली होती. या गावात तिने पद्मजाताईंना कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि यापुढेही त्यांच्यावाचून मिल्टनमध्ये कोणाचं पान हलणार नव्हतं. पण काय बोलायचं ते तिने ठरवलं. आधी सोंडेचं सांगायचं, दगडाचं आणि कागदाचं, ते सोपं आहे. नवं चित्र सरळ होईल हे सांगायचं. काका ते आपल्या हॉलमध्ये लावणार आहेत, हेही. आणि मग आवाज खाली आणून म्हणायचं, ताई, मला माझी पाठ नाही आवडली. तुम्हाला तुमचं काय नाही आवडलं, ते एकदा मला सांगा.

"तोवर मी काय करू?" मागून गौरांगीने विचारलं.

"दगड ओला ठेव," अरुणा म्हणाली, आणि नंबर लावला.